पादुआचा शारीर-मंडप

व्हेनिस शहर पाहून आलेले लोक आपल्या इकडे पुष्कळ आढळतात. परंतु तेथून आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या पादुआ शहरीं मुद्दाम उतरणारे थोडे. आम्हीही उतरलों नसतों. पण आमची नात वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षांत शिकते, आणि मेंदू व मज्जातंतू यांच्या रचनेचा एका आठवड्याचा जो वर्ग निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांसाठीं तेथें भरावयाचा होता, त्यांत तिला प्रवेश मिळाला. मुलगी एकटी जाणार म्हणून घरांत बरीच भवति न भवति झाली, आणि अखेर आम्ही उभयतां तिच्या सोबतीस निघालों.

तथापि ह्या विषयाशीं आमचा संबंध केवळ सोबतीचा नव्हता. आमचे वडील बंधु तीन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूनें अंथरुणास खिळले. उजवें अंग गेलें व वाणीही गेली. बोललेलें त्यांस समजे, पण आम्हांस नांवानें हांक मारतां येत नसे. आश्चर्य असें कीं, सायंकाळीं रामरक्षा सुरू केली म्हणजे तेच आमच्याबरोबर, अडखळत कां होईना, श्लोकामागून श्लोक म्हणत. गतवर्षीं ते निवर्तले. आपला देह वैद्यकीय विद्यालयास द्यावा असें त्यांनीं धडधाकट असतांना लिहून ठेविलें होतें. पण ऐन वेळीं आम्हींच पुढें होऊन, मंत्राग्नीवांचून कसें चालेल, असें म्हणून तें होऊं दिलें नाहीं. तो कागद तेव्हांपासून आमच्या पेटींत पडून होता.

पादुआचें विद्यापीठ इ. स. १२२२ सालचें, म्हणजे ज्ञानेश्वरीहून अडुसष्ट वर्षांनीं वडील. त्याच्या मुख्य वाड्यास ‘बो’ म्हणतात. बो म्हणजे बैल! पूर्वीं त्या जागीं बैलाच्या चिन्हाची एक पांथशाळा होती. तिचें नांव पुढें सरस्वतीच्या मंदिरास चिकटलें तें कायमचें. गॅलिलिओनें येथें १५९२ पासून अठरा वर्षें गणित शिकविलें. जिन्याच्या पायथ्याशीं एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिचा पुतळा आहे. १६७८ सालीं तत्त्वज्ञानांतील ‘डॉक्टर’ ही पदवी तिनें ह्या विद्यापीठांत मिळविली. डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळाली ती १८८६ सालीं, हें आठवून आमच्या सौभाग्यवती त्या पुतळ्यापाशीं बराच वेळ उभ्या होत्या.

परंतु खरें पाहण्यासारखें स्थळ म्हणजे तेथील शारीर-मंडप. १५९४ च्या सुमारास फाब्रिसिउस नामक आचार्याच्या वेळीं तो उभारला गेला, आणि १८७२ पर्यंत त्यांत शिक्षण चालत असे. ह्या जातीच्या कायम स्वरूपाच्या मंडपांत आज शाबूत असलेला हाच सर्वांत जुना. रचना नरसाळ्यासारखी लंबवर्तुळाकार. एकावर एक सहा अरुंद सज्जे, व त्यांना अक्रोडाच्या लांकडाचे कोरीव कठडे. विद्यार्थी दाटीनें उभे राहत व तळाशीं मांडलेल्या शवाकडे वांकून पाहत. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे येथेंच शिकून १६०२ सालीं पदवीधर झाला.

प्रेक्षकांस मात्र आज खालून नेतात. शव तयार करण्याची जी तळघरासारखी खोली, तेथें उभें राहून वर पाहावयाचें. आम्हीं मान वर केली, आणि क्षणभर अंगावर कांटा आला. सहाही सज्जे आमच्याकडेच वांकले होते. ज्या जागीं शव असावयाचें, त्या जागीं आम्ही उभे होतों.

ह्या मंडपापूर्वीं अर्धें शतक वेसालिउस हा तरुण आचार्य पादुआस शिकवीत होता. त्याचा सात भागांचा ग्रंथ १५४३ सालीं प्रसिद्ध झाला; शेवटचा भाग मेंदूविषयीं आहे. दुसऱ्या शतकांतील गेलन ह्या वैद्यानें मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिन्यांचें एक ‘अद्भुत जाळें’ वर्णिलें होतें. तें गुरामेंढरांत असतें, मनुष्यांत नसतें. गेलननें जनावरेंच चिरलीं होतीं. तरी तेरा शतकांहून अधिक काळ बहुतेक पंडित तें मनुष्याच्या डोक्यांत ‘पाहत’ आले. आपणही पूर्वीं मेंढराचें वा बैलाचें डोकें जवळ ठेवून तें जाळें दाखवीत असूं, अशी कबुली वेसालिउसनें स्वतः दिली आहे. आप्तवाक्यापेक्षां प्रत्यक्ष प्रमाण बलवत्तर, हा धडा येथें मिळतो. आपल्या सुश्रुतानेंही शारीरस्थानांत शव पिंजऱ्यांत घालून सात रात्रीं वाहत्या पाण्यांत ठेवावें, व मग वाळा, बांबू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळूहळू घासून एकेक अवयव डोळ्यांनीं पाहावा, असें सांगितलें आहे. सुश्रुत आम्हीं वाचला होता. आचरिला मात्र नव्हता.

संध्याकाळीं नात वर्गांतील हकीकत सांगे. निरनिराळ्या देशांचीं मुलें एकमेकांच्या भाषा जाणत नाहींत, पण लॅटिन-ग्रीक नांवें सर्वांचीं एकच. मेंदूंतील एका भागास बदाम म्हणतात, एकास समुद्रघोडा, एकास अंतर्गृह. एके दिवशीं तिनें आपल्या डाव्या कपाळाच्या बाजूस बोट ठेवून म्हटलें, “आजोबा, मोठ्या आजोबांचा बिघाड बहुधा इथला. १८६१ सालीं पॅरिसमध्यें ब्रोका ह्यांनीं हा वाणीचा भाग दाखविला. डाव्या मेंदूचा अंमल उजव्या अंगावर, म्हणून दोन्ही एकदम गेलीं. पाठांतराची वाट कांहीं अंशीं निराळी असते. म्हणून बोलणें गेलें तरी पाठ केलेलें पुष्कळदां उरतें.” थोडें थांबून ती म्हणाली, “हें आज मीं हातांत धरून पाहिलें. कोणीतरी दिलें, म्हणून.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां ‘बो’ मध्यें गेलों. शेजारच्या दालनांत कांहीं कवट्या मांडल्या आहेत. आपले देह विद्यापीठास देऊन गेलेल्या अध्यापकांच्या त्या. सौभाग्यवती हलक्या आवाजांत म्हणाल्या, “अहो, म्हणजे मेल्यावरही ह्यांनीं तास घेतला म्हणायचा.” मग त्यांनीं भावजींचें नांव काढलें, आणि आम्हीं पहिल्यानेंच आपली चूक कबूल केली.

आपल्याकडे ह्या कामीं १९४९ चा कायदा आहे, व देहदानाचे अर्ज वैद्यकीय विद्यालयांत मिळतात. परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: देणाऱ्यानें कितीही लिहून ठेविलें तरी ऐन वेळीं घरचीं माणसें आड आलीं तर कागद कागदच राहतो. म्हणून जें ठरवावयाचें तें सर्वांसमक्ष बोलून ठरवावें.

परत आल्यावर आम्हीं अर्ज भरला. साक्षीदार म्हणून सौभाग्यवतींनीं सही केली. त्यांनीं स्वतःचा अर्ज भरला नाहीं, व आम्हींही आग्रह धरला नाहीं. बंधूंचा कागद आतां आमच्या अर्जाबरोबर एकाच पाकिटांत आहे, आणि तें पाकीट कोठें ठेविलें आहे हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे.