हेब्बाळचे धडे

वाचकहो, हेब्बाळ म्हटले की पुष्कळांना बेंगळुरूचे तळे आणि तेथील उड्डाणपूल आठवतो. मी सांगणार आहे ते हेब्बाळ निराळे. ते म्हैसूर शहराच्या वायव्य अंगाला, बाह्यवळण रस्त्यालगत आहे. एकीकडे कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, दुसरीकडे कामगारांची व नोकरदारांची घरे, एक जुने तळे, आणि जवळच इन्फोसिस कंपनीचे 300 हून अधिक एकरांवर पसरलेले प्रशिक्षण केंद्र. ही कंपनी 1981 साली पुण्यात जन्मली. आज तिच्यात नव्याने दाखल होणारे तरुण देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे शिकावयास येतात. परगावच्या माणसाचे हेब्बाळला नवल वाटत नाही.

मीही त्यांतलाच एक. भाषांतराच्या नोकरीनिमित्त येथे आलो, आणि शेजाऱ्यांच्या आग्रहावरून ओसरीवर मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवू लागलो. पहिले दोन महिने अगदी वाया गेले. मुले माझ्यामागून वाक्ये घोकीत, आणि मी प्रश्न विचारला की माना खाली घालीत. मी मात्र कानडीचे चार शब्द शिकण्याची तसदी घेतली नव्हती. इंग्रजी शिकवावयाचे, तर कानडी कशाला, असा माझा हिशेब!

हा हिशेब एका लहान मुलीने मोडला. ती ‘बस्सु’ म्हणाली. मी ‘बस’ असे सुधारले. ती पुन्हा ‘बस्सु’ म्हणाली आणि रडवेली झाली. तिच्या आजीने हसत मला सांगितले, “मेष्ट्रे, आमच्या भाषेत शब्द असा मध्येच तुटत नाही.” मेष्ट्रे म्हणजे मास्तर. कानडी शब्द बहुधा स्वरावर विसावतो, हे मला त्या माउलीने शिकविले. चूक मुलीच्या जिभेची नव्हती, ती तिच्या मातृभाषेची सवय होती. त्या दिवसापासून मी आजींकडे कानडी शिकू लागलो. मी चुकलो की मुले खदखदा हसत. मास्तरही चुकतो हे दिसताच त्यांचीही तोंडे उघडली.

हे सारे आठवण्यास कारण माझ्या भाचीचे पत्र. ती पुण्यात जपानी शिकली असून आता जपानमधील एका लहान गावी शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून जावयाची आहे. जपान सरकारने 1987 साली परदेशी तरुणांना असे साहाय्यक म्हणून बोलावण्याची योजना सुरू केली. 2020 पासून तर तेथील प्राथमिक शाळेच्या पाचव्या व सहाव्या इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. भाची विचारते, “मामा, इंग्रजी माझी जन्मभाषा नाही, आणि तेथे मी परकी. मुले माझे का म्हणून ऐकतील?”

वाचकहो, ही शंका पुष्कळ घरांतील मुलामुलींच्या मनात असेल. मी तिला ओसरीवरचाच अनुभव कळविला. जपानी मूलही बसला ‘बासु’ म्हणते, कारण त्याच्या भाषेतही शब्द बहुधा स्वरावरच संपतो. आपण म्हणतो, ‘मी पाणी पितो.’ कानडी माणूस म्हणतो, ‘नानु नीरु कुडियुत्तेने.’ जपानी म्हणतो, ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु.’ तिघांचेही क्रियापद शेवटी येते. इंग्रज मात्र ते मध्येच उरकून पाण्याकडे वळतो. ही उडी आपण स्वतः धडपडत शिकलेलो असतो. म्हणून मूल कोठे अडखळेल, हे आपल्याला आधी ठाऊक असते. जन्मतःच इंग्रजी बोलणाऱ्याला ते मुद्दाम शोधावे लागते.

दुसरे उदाहरण कळविले ते योगेंद्र पुराणिक यांचे. पुण्यात जपानी शिकलेला हा मराठी माणूस जपानचा नागरिक झाला, 2019 साली टोकियोतील एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आला, आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेचा प्राचार्यही झाला. तेथील भाषा आत्मसात केली नसती, तर हा पल्ला त्यांना कसा गाठता आला असता?

जपानी भाषेत शिक्षकाला ‘सेन्सेई’ म्हणतात. त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. भाचीला लिहिले, “तो मान तुला पहिल्याच दिवशी मिळेल. परंतु त्या गावच्या भाषेत तू सर्वांत धाकटी असशील. हे विसरू नकोस, आणि मुलांपासून लपवूही नकोस.”

पत्र पेटीत टाकून परतलो, तेव्हा आजी दारातच होत्या. “मेष्ट्रे, ऊट आय्ता?” जेवण झाले का, हा येथला नमस्कारच. “आय्तु,” मी म्हणालो. त्यांनी माझा उच्चार सुधारला, आणि आत ओसरीवर मुले हसली.