धूळ : आधीची आणि नंतरची

यंत्रांशी आमचे सख्य कधीच जमले नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आम्ही जन्मभर सायकल चालवली, तीही बेताने. तरीही २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीत नोकरीला असलेल्या पुतण्याच्या आग्रहाखातर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तीन दिवस जाऊन बसलो. भारतातील ती पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती.

शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला, सरावाचे पहिले सत्र सुरू होते न होते तोच एक कुत्रे मार्गावर आले आणि सत्र थांबवावे लागले. गाड्या पुन्हा सुटल्या, तेव्हा वळणावर ज्याचे चाक जरासे बाहेर जाई त्याच्यामागे धुळीचा लोट उठे. आम्ही मान खाली घातली. आदल्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वीची शोभा मनात ताजी होती. ‘झाले, पुन्हा जगापुढे हसे!’ आम्ही पुटपुटलो.

“काका, कुत्र्याचं राहू द्या, पण धुळीला नावं ठेवू नका,” पुतण्या म्हणाला. “नवा ट्रॅक थोडाफार असाच असतो.”

मग त्याने जे सांगितले, ते आमच्यासारख्या सायकलस्वारालाही कळले. हर्मान टिल्के यांनी आखलेला हा मार्ग ५.१२५ किलोमीटरचा, सोळा वळणांचा. त्यातला सर्वांत लांब सरळ टप्पा एक किलोमीटरहून अधिक. संघांनी आपल्या कार्यशाळांत आराखड्यांवरून सिम्युलेटरवर फेऱ्या मारल्या होत्या. गिअर कोणते, ब्रेक कोठे, याचे हिशेब मांडले होते. परंतु चढ, उतार आणि वळण यंत्राला सांगता येते; नव्या डांबराची पकड टायरलाच उमगते. प्रत्येक गाडी वळणावर आपल्या टायरचे थोडे रबर मागे ठेवते. असे शेकडो वेळा झाले, की डांबरावर काळसर पट्टा उमटतो. पकड असते ती त्या पट्ट्यावर. दोन हात बाजूला गेले, की चाक घसरलेच.

आखणाऱ्यांनी पुढच्याला गाठणे सोपे व्हावे म्हणून काही वळणांची तोंडे मुद्दाम रुंद ठेवली होती. पण त्या रुंदीवर धूळ असेल तर तिकडे गाडी घालणार कोण? रस्ता कंत्राटदार बांधतो. त्याची वहिवाट मात्र वापरणाऱ्यांनीच पाडायची असते. आणि गंमत अशी, की स्पर्धकाने सोडलेले रबर आपल्याही कामी येते. म्हणून अशा ठिकाणी पहिली झाडलोट दुसऱ्याने करावी, असे प्रत्येक संघाला वाटते.

शुक्रवारी सकाळी लुईस हॅमिल्टनची सर्वांत जलद फेरी १ मिनिट २६.८ सेकंदांची होती. शनिवारी सेबॅस्टियन फेटेलने १ मिनिट २४.२ सेकंदांत फेरी पुरी केली. टायर आणि इंधनाचा भाग त्यात होताच. पण दीड दिवसात तो रस्ताही बदलला होता. त्याच शनिवारी फेलिपे मासाची गाडी वळणाच्या आतल्या कडेवर आदळून पुढचे सस्पेन्शन मोडले. रविवारी शर्यतीत पुन्हा तेच! कडा नकाशात होती; ती किती निष्ठुर आहे, हे मोडल्यावर कळले.

रविवारी प्रारंभापूर्वी एक मिनिट शांतता पाळण्यात आली. त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोनचेली हे दोन स्पर्धक इतरत्र शर्यतीत प्राणांस मुकले होते. नंतर फेटेलने साठही फेऱ्या आघाडीवर राहून शर्यत जिंकली. आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. तो समोरून जाई तेव्हा पुतण्या दर वेळी उभा राही.

२०१२ आणि २०१३ सालीही शर्यत झाली. तिसऱ्या वर्षी फेटेलने आपले चौथे जगज्जेतेपद तेथेच निश्चित केले. पुढे करांच्या तंट्यात ती जी गेली, ती २०१४ पासून परतली नाही. इतर लहानमोठ्या शर्यती झाल्या. २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपीच्या दुचाक्याही आल्या. त्या स्वारांना हा मार्ग पुन्हा नवाच! उन्हाळा असा, की शर्यतीच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. पावसाने आणि वाऱ्याने जुन्या रबराचा पट्टा केव्हाच पुसला जातो.

हे लिहिताना आमचाच एक अपराध आठवतो. मुलांसाठी आम्ही घरी रविवारचे मराठी वाचन सुरू केले होते. पहिल्या वर्षी पाच मुले. ‘ळ’चा ‘ल’ होई, वाक्ये अर्धी हिंदीत संपत. पाहुण्यांसमोर आम्हांला संकोच वाटे. तिसऱ्या वर्षी त्यांची जीभ वळू लागली, आणि नेमके तेव्हाच गुडघेदुखीचे निमित्त करून आम्ही वर्ग बंद केला. कोणी ‘बंद करा’ म्हटले नव्हते, ‘का बंद केला’ असेही कोणी विचारले नाही.

पहिल्या दिवसाच्या धुळीची आम्ही उगाच लाज बाळगली. ती नवेपणाची होती, वापराने जाणारी. लाज बाळगावी ती नंतरच्या धुळीची. परवा पुस्तकांचे कपाट उघडले, तर बोटाने नाव लिहिता येईल इतकी ती साठली होती. फडके घेऊन बसलो आहोत. त्या पाचांपैकी दोघांची धाकटी भावंडे आता वाचण्याच्या वयाची झाली आहेत, एवढे ऐकून आहोत.