थंडीतली हजेरी

आमच्या परभणीची बाहेरगावी ओळख दोनच गोष्टींनी होते. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण. आणि दुसरी, डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत छापून येणारा इथला पारा. म्हणीचा उगम प्रत्येक जण वेगळा सांगतो, त्या वादात आम्ही पडत नाही. थंडी मात्र खरी आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. आमच्या वर्गात चाळीसपैकी अकरा मुले आली होती. एक जण वडिलांची कानटोपी घालून आला होता, ती त्याच्या डोळ्यांवर उतरत होती. त्या दिवशी आम्ही गणित शिकवले नाही. सगळ्यांना घेऊन मैदानात उन्हात बसलो.

आम्ही म्हणजे आम्हीच, एकटे. घरात 'अपन', शाळेत 'हम' म्हणत वाढलेल्या माणसाला मराठीत 'मी' लिहिताना उगाच संकोच होतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

थंडीत फजर उशिरा होते, तेव्हा जमात वाढायला हवी. पण वजूच्या पाण्याच्या धाकाने निम्मा मोहल्ला रजईतच नियत बांधतो. जे येतात ते नमाजनंतर लवकर घरी जात नाहीत. मशिदीच्या बाहेर पुठ्ठे, लाकडाचे तुकडे गोळा करून शेकोटी पेटते. चहा येतो, एखाद्या दिवशी कोणी खिचडी-खिमा मागवतो. १९४८ पूर्वी परभणी हैदराबाद संस्थानात होती, सरकारी शाळा उर्दूत चालत. तेव्हाच्या गोष्टी सांगणारे बुजुर्ग शेकोटीला अगदी जवळ बसत. आता असे दोघेच उरले आहेत, आणि त्यातल्या एकांना ऐकू येत नाही.

आमचे सुरुवातीचे रोजे अशाच थंडीतले. १९९९ च्या डिसेंबरात आम्ही दहा वर्षांचे होतो. दिवस लहान, तहान नाही, त्यामुळे रोजा ही सोपी गोष्ट आहे असा आमचा समज झाला. मे महिन्यातल्या रोजांनी तो पुढे दूर केला! आता रमजान पुन्हा थंडीकडे सरकतो आहे. २०३० साली तर दोन रमजान येतील, एक जानेवारीत आणि एक डिसेंबरच्या अखेरीस. आमचे सण असे सगळ्या ऋतूंतून फिरतात. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स मात्र चंद्राच्या हिशेबाने फिरत नाही. तो दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीसच भरतो. त्यामुळे परभणीकरांच्या मनात थंडी आणि उर्स यांची गाठ पक्की बसली आहे. गावोगावची माणसे येतात, त्यांत हिंदूही तितकेच. ज्याला मन्नत फेडायची तो चादर घेऊन येतो, ज्याला नाही तो पाळण्यात बसायला आणि हलवा-पराठा खायला येतो.

शाळेच्या हिशेबात मात्र थंडी म्हणजे गैरहजेरी. लोकांना वाटते मुले थंडीने घरी राहतात. खरे कारण कापूस. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील रोजंदारीवर जातात. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की पहाटेच माणसे भरून टेम्पो निघतो. आईबरोबर मुलगी जाते, कारण मजुरी किलोवर असते आणि मुलीचे हात चपळ असतात. या हंगामात किलोमागे दहा रुपये मिळत होते. बारा वर्षांची मुलगी दिवसाला वीस किलो वेचते. दोनशे रुपये. उर्दू शाळेच्या हजेरीपत्रकात गैरहजर मुलापुढे 'गैन' हे अक्षर लिहितात. सातवीच्या एका मुलीपुढे आम्ही नोव्हेंबरभर गैन लिहीत गेलो होतो. तिच्या घरी दोनदा गेलो. आई म्हणाली, "सर, भेजती ना मैं. जरा ये चुनाई हो जाने दो." यंदा आठवीत वार्षिक परीक्षा नापास झाली, फेरपरीक्षाही गेली, तर मुलाला त्याच वर्गात ठेवतात, २०२३-२४ पासून तसा नियम आहे. तिची सातवी अशीच गेली तर पुढच्या वर्षी काय होणार हे आम्हाला दिसत होते. आम्ही आईला ते समजावून सांगितले, थोडे चढ्या आवाजातच. ती ऐकून घेत होती आणि बोटाला तेल लावत होती. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटतात.

जानेवारीत सहलीचा विषय निघाला. वेरूळ-अजिंठ्याचे पैसे पालकांना झेपणारे नव्हते. तेव्हा आम्ही सुचवले की आपल्याच शहराची सहल काढू. एक छोटा टेम्पो ठरवला आणि कृषी विद्यापीठ गाठले. इथल्या माणसाला हे विद्यापीठ म्हणजे फिरायला जायची झाडी, एवढेच वाटते. १९७२ साली ते स्थापन झाले, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचे नाव दिले गेले. 'परभणी क्रांती' ही केवड्याला दाद न देणारी भेंडी इथली, 'परभणी मोती' ज्वारी इथली. मुलांना भेंडीला आपल्या गावाचे नाव आहे याचेच फार हसू आले.

त्या आठवड्यात वेचणी थांबली होती, म्हणून ती मुलगीही आली होती. माहिती सांगणारे गृहस्थ चांगले होते, पण मराठी भरभर बोलत. आमची मुले माना डोलावत होती. त्यांना अर्धेही कळत नाही हे आम्हाला ठाऊक होते. वर्गात मराठीचा तास आम्ही उर्दूतच समजावतो, हा आमचा दोष. "काही विचारायचे का?" असे त्यांनी म्हटल्यावर पोरे एकमेकांच्या मागे लपू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, औंदा तुमच्या कापसावर गुलाबी बोंडअळी आली का?"

तीच होती. गृहस्थांनी तिला पुढे बोलावले. मग दहा-पंधरा मिनिटे त्या दोघांचेच बोलणे चालले. हिरवे बोंड फोडून आतली अळी कशी पाहायची, डागी कापूस वेगळा का ठेवायचा, कवडी कापसाला भाव का पडतो. ती अस्सल शेतातली मराठी बोलत होती, बी.एड.ला शिकलेल्या आमच्या मराठीपेक्षा कितीतरी सराईत. त्यांनी विचारले, "कोणत्या गावची गं तू?" ती म्हणाली, "इथलीच. परभणीची." आणि आमच्याकडे पाहून गप्प झाली, जणू काही चुकले.

परतताना आमच्या एका मित्राच्या शेतावर थांबलो. ते मराठी शाळेत शिक्षक आहेत, दर जानेवारीत आम्हाला हुरड्याला बोलावतात. दावतीचे इतर प्रकार असे असतात की आमच्याकडे त्यांना आणि त्यांच्याकडे आम्हाला काही ना काही विचारून घ्यावे लागते. हुरड्यात तो प्रश्नच नाही. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. गरम कणीस हातावर चोळायला आमची मुले घाबरत होती. तिने बाही खाली ओढून घेतली, कणीस चोळले, फुंकर मारून कोंडा उडवला आणि पहिली मूठ आमच्या हातावर ठेवली. "सर, गुलभेंडी है. नरम रहती." मित्र हसत म्हणाले, "सर, ही पोरगी आमच्या शाळेत द्या." आम्हीही हसलो. पण हजेरीपत्रक डोळ्यांसमोरून जाईना.

उर्सात ती पुन्हा भेटली, बांगड्यांच्या दुकानापाशी, आईबरोबर. आईने सलाम केला. मुलीच्या अंगात नवा स्वेटर होता, वेचणीच्या पैशांचा. आई म्हणाली, "पीर से आती सर, पक्का."

सोमवारी ती आली. मंगळवारी, बुधवारीही आली. मुलांना आम्ही सहलीवर मराठीत दहा वाक्ये लिहायला सांगितली होती. गुरुवारी तिचा धाकटा भाऊ वही घेऊन वर्गाच्या दाराशी उभा राहिला. हरभरा काढणीला सगळे पहाटेच गेले होते. दहापैकी आठ वाक्ये बरोबर होती. 'ज्वारीची कणीस' होते तिथे 'ज्वारीचे' केले, 'आगटी' हा शब्द तिने अचूक लिहिला होता. वही भावाकडे परत दिली, दुसऱ्या धड्याचे दोन प्रश्न खाली लिहून दिले. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे गैनच लिहावा लागला.