नांदगावातला समुद्र

नांदगावात समुद्र आहे असे म्हटले, तर शेजारच्या मनमाडचे लोकसुद्धा हसतील. मुंबईहून भुसावळकडे जाताना मनमाड मागे पडले की थोड्याच वेळात आमचे स्टेशन येते. एके काळी या स्टेशनाचा थाट होता. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. त्यापूर्वी वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेबलोक नांदगावला उतरत आणि पुढची मजल गाडीरस्त्याने मारीत. आता येथे कांद्याचे व्यापारी उतरतात, लग्नाचे पाहुणे उतरतात आणि माझ्यासारखे कॉलेजात मराठी शिकवणारे एखाददुसरे उतरतात.

पाण्याच्या बाबतीत आमच्या गावाचे नशीब विचित्र आहे. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात. १९६९ साली ते पुरे झाले, पण त्याचे बहुतेक पाणी खाली जळगावकडे जाते. उन्हाळ्यात नळ कित्येक दिवसांनी येतो, आणि आला की अर्धे गाव हातातले काम टाकून पिंपाकडे धावते. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये शाकांबरी आणि लेंडी या एरवी कोरड्या पडणाऱ्या नद्यांनी बाजारपेठेत शिरून दुकाने बुडवली. थोडक्यात, येथे पाणी एक तर नसते, नाही तर नको तेवढे असते. अशा गावात आमच्या शेजारच्या मुलाने समुद्र मांडला आहे.

हा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मराठीत जेमतेम पास झाला. पण आता बोलू लागला की मी श्रोता होतो. त्याच्या पुढच्या खोलीत तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी आहे. त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. समुद्र पोत्यातून येतो हे मला त्याच्याकडे कळले! एका लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने तयार मिश्रणाचे साडेसहा किलो मीठ विरघळवले की झाला समुद्र. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश फिरत असतात. तेही समुद्रातून पकडलेले नाहीत, पेटीतच पैदास झालेले आहेत. मागे दगडांची रास. उन्हाळ्यात पाणी आटते पण मीठ आटत नाही, म्हणून रोज दोन-तीन लिटर गोडे आणि अगदी शुद्ध पाणी घालावे लागते. ते गाळताना यंत्र एका बादलीमागे दोन-तीन बादल्या बाहेर टाकते. त्या बादल्या त्याची आई धुण्या-भांड्याला आणि तुळशीला वापरते. एका थेंबाचाही हिशेब चुकत नाही.

पण त्याचे मन दगडांच्या राशीवर होते. तेथे त्याला प्रवाळ हवे होते, जिवंत.

प्रवाळ म्हटले की आपल्याला सोनाराच्या दुकानातले पोवळे आठवते. त्या मुलाच्या आईच्या मंगळसूत्रातही काळ्या मण्यांबरोबर दोन आहेत. ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राकडचे आणि निराळ्या कुळातले. त्याच्या जिवाला आठ भुजा असतात, तर दगडी प्रवाळांच्या भुजा सहाच्या पटीत असतात. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळा अंकुर आणि प्रवाल म्हणजे पोवळेही. आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात दोन्ही घातले, आणि युरोपातही अठराव्या शतकापर्यंत विद्वान मंडळी याला वनस्पतीच समजत. १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने हे प्राणी आहेत असे सांगितले, तेव्हा त्याचा निबंध विद्वत्सभेपुढे ठेवणाऱ्या रेओम्यूरने त्याचे नाव झाकून ठेवले. एवढ्या हास्यास्पद मताशी त्याचे नाव जोडले जाऊ नये म्हणून! (विद्वत्सभांचा माझाही अनुभव थोडाफार असाच आहे.)

तरी जुनी माणसे अगदीच चुकली नव्हती. पुष्कळ दगडी प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न करते आणि आपल्या यजमानाला वाटा देते. मिळालेल्या बळावर हा मऊ जीव पाण्यातला चुना शोषून स्वतःखाली दगड रचत जातो. आमच्या भागातला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वेरूळचा कैलास माणसांनी तसल्याच कातळात वरून खाली कोरत नेला. येथे मात्र जीवच खालून वर दगड बांधीत जातो.

परदेशांत असे प्रवाळ घरी पाळणे हा मोठा छंद आहे. जकार्त्याच्या ली चिन एंग या गृहस्थांनी केवळ जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळ जगवल्याचे १९६१ साली लिहिले, आणि हळूहळू लोकांना ते जमू लागले. आता गुलाबाचे कलम करावे तसा प्रवाळाचा तुकडा कापून दगडाला चिकटवतात. मेंदूसारख्या वळ्यांचे, गर्द नारिंगी, हिरवे, असे त्यांतले चिवट प्रकार नवशिक्यालाही साधतात म्हणे. मात्र चिवटपणा म्हणजे वाटेल ते सोसणे नव्हे. त्यांना पाणी २४ ते २७ अंशांवर लागते. ते ३० च्या वर बराच काळ राहिले तर अंगातले शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८ साली याच तापाने मोठ्या प्रमाणावर गेली. नांदगावचा वैशाख ४२ अंशांचा, आणि वीज कधी जाईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसते. पोरगा म्हणाला, “सर, पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे.”

एका दुकानदाराने त्याला फोनवर रंगीत फोटो पाठवले होते. “चिवट माल आहे, मरत नाही, कोणाला सांगू नका.” पोराने दोन महिन्यांची बचत बाजूला काढली. त्याच्या आईने मला हाक मारली, “सर, तुम्हीच बघा, हे काय आणतोय ते.”

मी बघितले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी दगडी प्रवाळे घातली गेली. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत हे बोटभर जीव. आपल्या समुद्रातला तुकडा तोडून विकणे हा गुन्हा, आणि विकत घेणेही त्यातच आले. पोराला हे अर्धवट ठाऊक होते. त्याचा युक्तिवाद असा की, समुद्रात नाही तरी ते मरतातच, मी निदान जगवीन. या वाक्यात लबाडी नव्हती, म्हणूनच उत्तर देणे कठीण होते. मी एवढेच म्हटले, “अरे, घेण्याआधी एकदा जिवंत बघून तरी घे.”

गेल्या पौषात, अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. नांदगावहून ती तीनशे किलोमीटरला थोडी कमी. मुंबईत प्रवाळे आहेत हे पुष्कळ मुंबईकरांनाही ठाऊक नसते. किनारी रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती वाटेत आल्या, तेव्हा २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या उचलून दुसरीकडे नेऊन बसवल्या. रस्त्यासाठी माणसे हलवलेली आपण पुष्कळ पाहिली. दगडातल्या जिवांचे पुनर्वसन मी प्रथमच ऐकले. आम्ही गेलो त्या जागेचे नाव येथे देत नाही. सगळेच वाचक तुमच्यासारखे नसतात. काही जण हातोडी घेऊन जातात.

सकाळी सातच्या सुमारास समुद्र दूर गेला होता. खडकांवर गाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, आणि नाल्याचा वास. एक कोळीण मावशी कालवे फोडत बसली होती. पोरगा डबक्यांवर ओणवून तासभर शोधत होता. मग त्याने मला खुणेने बोलावले. एका कपारीत पुरीएवढा, फिकट तपकिरी, बारीक खळग्यांचा गोळा. त्या गढूळ पाण्यात, कोटीहून अधिक माणसांच्या शहराखाली, तो दगड रचत होता. दुकानदाराच्या फोटोतला एकही रंग त्याच्याजवळ नव्हता.

“सर, हा तर चिखलात राहतो,” पोरगा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “याला पेटीत मी काय देणार?”

त्याने हात लावला नाही. फोटोही एकच काढला. मावशीने वर पाहून सांगितले, “उठा आता, उधाणाचं पाणी धावत येतं.” खरोखरच आले. बघता बघता ती कपार दिसेनाशी झाली आणि आम्ही घोटाभर पाण्यातून वर आलो. कठड्यापाशी पोराने मोबाइल काढला. मला वाटले, दुकानदाराला काही कळवतो आहे. तो पुढची अमावास्या कोणत्या वारी येते ते बघत होता.