वाद्याची व्यक्तिबोली

रात्री दारावर थाप पडते. आपण आतून विचारतो, 'कोण आहे?' आणि बाहेरून उत्तर येते, 'मी.' अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर या उत्तरात काहीच माहिती नाही. 'मी' हे सर्वनाम प्रत्येक मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी सारखेच असते. तरीही आपण निःशंकपणे कडी काढतो, कारण त्या एका अक्षरातून आपल्याला माणूस ओळखू आलेला असतो. एकाच भाषेच्या, एकाच बोलीच्या दोन भाषकांचे बोलणे तंतोतंत सारखे नसते. शब्दांची निवड, वाक्याची वळणे, सुरांची चढउतार, मध्येच थांबण्याच्या जागा या सगळ्यांतून प्रत्येकाची स्वतःची अशी एक भाषा तयार होते. भाषाविज्ञानात तिला आपण 'व्यक्तिबोली' म्हणतो. ही संज्ञा शिकवताना मला दरवेळी एका गिटारवादकाची आठवण होते.

पुण्यात एम. ए. करीत असताना वसतिगृहातील एका मित्राकडे इंग्रजी गाण्यांच्या पुष्कळ कॅसेट होत्या. बहुतेक दुसऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या आणि काहींवर नावेसुद्धा नसलेल्या. त्यांतल्या एका कॅसेटच्या एका बाजूला 'द स्मिथ्स' नावाच्या बँडची गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला 'द द' या बँडची. गायक वेगळे, विषय वेगळे, गाण्यांचा घाटही वेगळा. तरी दोन्ही बाजू ऐकताना गिटारमागचा हात एकच असावा, असे मला वाटत राहिले. चौकशीअंती तो हात जॉनी मार यांचा असल्याचे कळले. तेव्हापासून गेली तीसेक वर्षे मी या वादकाच्या मागावर आहे.

जॉनी मार यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी मँचेस्टर येथे झाला. आईवडील आयर्लंडमधून पोटापाण्यासाठी इंग्लंडात आलेले. जन्मनाव जॉन मार्टिन मार. यातील आडनावाचे मूळ आयरिश स्पेलिंग निराळे होते. त्याच शहरातल्या 'बझकॉक्स' या प्रसिद्ध बँडच्या ड्रमवादकाचे नावही नेमके तेच असल्याने घोटाळा नको म्हणून या मुलाने आपले स्पेलिंग बदलून घेतले. आयर्लंडमध्ये ते आडनाव साधारण 'मार' असेच उच्चारले जाते. म्हणजे लेखन बदलले आणि उच्चार राहिला. भाषेच्या अभ्यासकाला ही नोंद फार अर्थपूर्ण वाटते, कारण पुढच्या आयुष्यातही त्यांनी जवळजवळ हेच केले. पाटी बदलत गेली, ध्वनी टिकून राहिला.

१९८२ साली अठरा वर्षांच्या जॉनीने मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्ड येथे एका घराच्या दारावर थाप मारली. दार उघडणारा तरुण म्हणजे पुढे गीतकार आणि गायक म्हणून गाजलेला मॉरिसी. अँडी रूर्क आणि माइक जॉइस हे दोघे त्यांना येऊन मिळाले आणि 'द स्मिथ्स' हा बँड उभा राहिला. १९८४ ते १९८७ या चार वर्षांत त्यांचे चार अल्बम प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधल्या एका पिढीच्या मनात या गाण्यांना जे स्थान मिळाले, ते आजही ढळलेले नाही.

मार यांचे वादन समजून घ्यायचे तर आपल्याकडचा 'साथ' हा शब्द उपयोगी पडतो. त्यांच्या आधीच्या दशकातील रॉक संगीतात गिटारवादक हा नायक असे. गाण्याच्या मध्यावर गायकाने बाजूला व्हायचे आणि वादकाने दीर्घ एकलवादन करून टाळ्या घ्यायच्या, असा प्रघात पडला होता. मार यांनी हा मोह टाळला. स्वरमेळातले स्वर एकदम न छेडता ते एकेक सुटे सोडायचे, काही तारा मोकळ्या ठेवून त्यांचा नाद रेंगाळू द्यायचा आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गिटारचे अनेक थर एकमेकांवर अशा तऱ्हेने चढवायचे की, गायकाचा आवाज त्यांच्यामधून वाट काढत जावा, ही त्यांची रीत. 'धिस चार्मिंग मॅन' या १९८३ च्या गाण्याच्या आरंभीची लखलखीत सुरावट हा तिचा सर्वपरिचित नमुना आहे. १९८४ मधील 'हाऊ सून इज नाऊ?' या गाण्यात मात्र गिटार थरथरत, आंदोळत येते. त्यासाठी एकच गिटार चार अँप्लिफायरमधून वाजवण्यात आली आणि चारही यंत्रांची थरथर एका लयीत ठेवण्यासाठी मार आणि निर्माते जॉन पोर्टर यांना हातांनी कळा फिरवत राहावे लागले.

ही बोली आकाशातून पडली नव्हती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकगायिकांची मोटाउन कंपनीची गाणी, स्कॉटिश लोकसंगीताच्या परंपरेतले गिटारवादक बर्ट जान्श, नृत्यसंगीतातील 'शिक' या बँडचे नाइल रॉजर्स, 'द स्टूजेस'चे जेम्स विल्यमसन अशा एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या वादकांकडून त्यांनी उचल केली. व्यक्तिबोलीचे असेच असते. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द दुसऱ्या कोणाकडून आलेला असतो. आपले असते ते वेचणे आणि जुळवणे.

१९८७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मार यांनी 'द स्मिथ्स' सोडला. चौथा अल्बम बाजारात येण्यापूर्वीच बँड संपला होता. मैत्रीचा हिशेब नंतर न्यायालयात मांडला गेला. वादनाच्या उत्पन्नातील आपला वाटा समान असल्याचा दावा माइक जॉइस यांनी मॉरिसी आणि मार यांच्याविरुद्ध केला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने जॉइस यांना चौथ्या हिश्श्याचा हक्कदार ठरवले. साथसंगतीची महती गाताना हेही विसरू नये की, साथीला व्यवहाराची बाजू असते आणि तिथे कलावंतही तुमच्याआमच्यासारखेच भांडतात.

त्यानंतरचा प्रवास वरवर पाहणाऱ्याला भटकंतीच वाटेल. काही काळ 'द प्रिटेंडर्स', मग मॅट जॉन्सन यांच्या 'द द' बँडमध्ये 'माइंड बॉम्ब' (१९८९) आणि 'डस्क' (१९९३) हे दोन अल्बम. त्याच सुमारास 'न्यू ऑर्डर'च्या बर्नार्ड समनर यांच्यासह 'इलेक्ट्रॉनिक'. तिथे सिंथेसायझर आणि यांत्रिक ताल पुढे असत, तर गिटार कित्येकदा मागे राही. 'स्मिथ्स'ची गिटार शोधत आलेल्या श्रोत्याची निराशा होणे स्वाभाविक होते. २००६ मध्ये त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर असलेले मार अमेरिकेतील 'मॉडेस्ट माउस' या बँडमध्ये सामील झाले. त्या बँडचे गायक आयझॅक ब्रॉक यांचे गाणे खडबडीत, मध्येच ओरडून उठणारे. त्या दांडग्या बोलीत मार यांनी आपली गिटार अशी मिसळली की, २००७ मधील त्यांचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. 'स्मिथ्स'ला तिथे हे यश कधीच लाभले नव्हते. पुढे वेकफिल्ड गावच्या तीन सख्ख्या भावांच्या 'द क्रिब्स' या बँडमध्ये ते चौथे झाले आणि २००९ मध्ये त्या चौघांचा एक अल्बम आला. भावाभावांच्या घरात खुणेचे शब्द असतात, अर्धीच सोडलेली वाक्ये असतात. तिथे बाहेरच्याने जाऊन बोलू लागणे सोपे नाही.

आपल्याकडे अशा माणसाबद्दल 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असे चटकन म्हटले जाते. निष्ठा म्हणजे एका जागी राहणे, अशी आपली समजूत आहे. परंतु भाषेचा अनुभव काय सांगतो? दोन माणसे बोलू लागली की, दोघेही नकळत एकमेकांच्या बोलण्याच्या जवळ सरकतात. वेग जुळवतात, शब्द उसने घेतात. या प्रक्रियेला भाषाविज्ञानात 'समायोजन' म्हणतात. असे जवळ सरकल्याने बोलणाऱ्याची ओळख पुसली जात नाही, कारण जवळ सरकण्याची प्रत्येकाची तऱ्हासुद्धा वेगळी असते. मार यांच्या बाबतीत मला तेच ऐकू येते. मॉरिसी यांच्या लांबलचक, हेलकावणाऱ्या ओळींना त्यांनी दिलेली जागा आणि ब्रॉक यांच्या तुटक ओळींना दिलेली जागा वेगवेगळी आहे. जागा देणारा हात मात्र ओळखू येतो.

हा विचार माझ्यासाठी केवळ संगीतापुरता राहिला नाही, त्याला एक कारण घडले. एका संपर्कसत्रात व्यक्तिबोलीवरचे व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घरी मी अहिराणी बोलते, अंगणवाडीत मुलांशी वेगळी मराठी बोलते आणि पेपरात तिसरीच लिहिते. यांतली माझी कोणती?" प्रश्न विचारताना तिचा स्वर काहीसा अपराधी होता. जणू एका भाषेत गेले की दुसरीशी प्रतारणा होते. मीही धुळ्याकडचा. अहिराणीतून प्रमाण मराठीत आणि तेथून इंग्रजी ग्रंथांत जाताना प्रत्येक वळणावर काही हरवल्याची भावना मला चांगली परिचयाची आहे. मी तिला एवढेच सांगितले की, तिन्ही तुमच्याच, कारण तिन्ही तुम्हीच बोलता. अंगणवाडीतल्या मुलाला समजेल असे वाक्य जुळवण्याची तुमची जी हातोटी आहे, तीच उत्तरपत्रिकेतही शोधा, सापडेल. तिचे समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. तो प्रश्न माझ्यापाशी मात्र राहिला.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो बिनतोड आहे असे समजून त्याचा विचार केला पाहिजे. मार यांचे सर्वोत्तम काम तेविसाव्या वर्षापूर्वीच झाले, असे मानणारे श्रोते पुष्कळ आहेत आणि कान प्रामाणिक ठेवला तर मलाही 'द क्वीन इज डेड'च्या (१९८६) तोडीचा अल्बम नंतरच्या यादीत दाखवता येत नाही. घर सोडल्याची किंमत असते. पण तेच घर धरून राहिले असते तर ती उंची टिकली असती, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. शिवाय बोलत राहण्यासाठी प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा थोर असावे लागते, असा नियम भाषेत नाही. मग कलेतच तो का असावा?

२०१३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, मार यांनी 'द मेसेंजर' हा अल्बम केवळ स्वतःच्या नावाने काढला आणि गायनही स्वतःच केले. इतरांना साथ करण्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला आता स्वतःच्याच आवाजाला साथ करायची होती. त्यांच्या अलीकडच्या मैफलींत 'स्मिथ्स'ची गाणी असतात, 'इलेक्ट्रॉनिक'ची असतात आणि स्वतःचीही असतात. वेगवेगळ्या घरांतली ही वाक्ये एका संध्याकाळी एकापाठोपाठ येतात आणि श्रोत्याला मध्ये सांधा जाणवत नाही. आपल्यापैकी कित्येकांनी नोकरी, संसार, शेती यांतून वाट काढीत पुन्हा पुस्तक हाती धरले आहे. घरचे बोलणे, कामावरचे बोलणे आणि या अभ्यासक्रमाची भाषा शेजारीशेजारी ठेवून एकदा कान देऊन ऐका. बोलणाऱ्याचा आवाज तुम्हांला ओळखता येईल.