गुलमर्गचा उतार आणि उसना फेरन

आम्हां ग्वाल्हेरच्या माणसांना बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसातला, नाहीतर लग्नघरी पाण्याच्या पिंपात सोडलेला. वैशाखात पारा ४५ अंश ओलांडतो. पौषात धुके असे दाटते की दाणाओळीतून समोरून येणारी सायकल दिसण्याआधी घंटी ऐकू येते. पण आकाशातून बर्फ पडलेला आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नव्हता. अशा गावच्या लोकांनी पायांना लांब फळ्या बांधून हिमालयाच्या उतारावरून घसरत यावे, ही कल्पना प्रथम कोणाच्या डोक्यात आली याविषयी घरात अद्याप एकमत नाही. धाकटे बंधू म्हणतात आमच्या, आम्ही म्हणतो त्यांच्या. एवढे खरे की १९८३ सालच्या फेब्रुवारीत आम्ही उभयता आणि धाकटे बंधू अशी तिघे गुलमर्गला निघालो, आणि मातोश्रींनी दारातच विचारले, "हातपाय मोडून घ्यायला इतक्या लांब कशाला जाता? आपल्या किल्ल्याची चढण काय वाईट आहे?"

गाडी होती झेलम एक्सप्रेस. पुण्याहून निघून भुसावळ, इटारसी, भोपाळ करीत ती आमच्या स्टेशनात येई, आणि तिच्यात आमच्यापेक्षा अस्सल मराठी बोलणारी माणसे भरलेली असत. आमच्या डब्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे चार जवान रजा संपवून परतत होते. त्यांतला एक सातारकडचा. आमची हिंदीच्या वळणाची मराठी ऐकून तो प्रथम गालात हसला. मग आम्ही बर्फात खेळायला निघालो आहोत हे कळताच एकदम गंभीर झाला. "दादा, मोजे दोन घाला, पण बुटात बोटं हलली पाहिजेत. बोटं हलायची थांबली की समजा घात झाला. आणि वहिनी, ओला मोजा अंगावर वाळू द्यायचा नाही." पुढे महिनाभर आम्हांला जो जो उपदेश मिळाला, त्यात हाच सर्वांत उपयोगाचा ठरला.

या गाडीचे एक नवल आम्हांला नेहमी वाटे. नाव झेलमचे, पण ती थांबे तवीच्या काठी, जम्मूला. खऱ्या झेलमचे दर्शन घ्यायचे तर पुढे सुमारे ३०० किलोमीटर बसने. अगदी अलीकडे, ६ जून २०२५ रोजी, चिनाब नदीवरील पुलाचे उद्घाटन झाले आणि कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत आगगाडी धावू लागली. हा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. आम्ही गेलो तेव्हा मात्र रस्ता घाटातून होता, दरडींचा होता, आणि वाटेत एक मुक्काम ठरलेलाच. दुसऱ्या दिवशी जवाहर बोगदा आला. १९५६ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा पीर पंजाल पर्वताच्या पोटातून जवळजवळ तीन किलोमीटर जातो. अलीकडच्या तोंडाशी तपकिरी, ओलसर डोंगर होते. आत अंधार, गळके पाणी, डिझेलचा धूर. आणि पलीकडच्या तोंडाशी बस बाहेर पडली तो सारा मुलूख पांढरा! आमच्या तिघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी सौ. म्हणाल्या, "कोणीतरी कापूस पिंजून ठेवला आहे." उपमा जुनी खरी, पण त्या क्षणी दुसरी सुचण्यासारखी नव्हती.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासएक किलोमीटर. त्यातले शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गपासून वर चढायचे, तेही चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या जीपमधून. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा, फांद्यांवर बर्फाचे ओझे. मध्येच एखादी फांदी ते झटकून टाकी आणि सारी जीप दचके. वर पोचल्यावर रान एकाएकी मागे सरते आणि समोर बशीसारखे विस्तीर्ण पठार उघडते, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात ही फुलांची कुरणे. पूर्वी या जागेला गौरीमर्ग म्हणत. सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चकाने तिला गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले असे सांगतात. पठाराच्या डोक्यावर अफरवटचा डोंगर, शिखर ४,००० मीटरांच्याही वर. स्वच्छ सकाळी उत्तरेकडे दूरवर नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटरांचा. पण पहिल्या खेपेस त्याने आम्हांला दर्शन दिले नाही.

येथे स्कीचा छंद आणला इंग्रजांनी. स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९२७ ची. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आपल्या सैन्याने येथे स्कीची शाळा काढली, तिचेच पुढे उंच पर्वतांवरील युद्धाचे शिक्षण देणारे विद्यालय झाले. सरकारी संस्थेच्या वर्गात आम्हांला जागा मिळाली नाही. एका दुकानातून भाड्याने स्की आणि बूट घेतले. बूट असे की सातारकराचा सल्ला आठवून आम्ही बोटे हलवली, तर बोटांबरोबर सबंध पाऊलच आत हिंडू लागले. दुकानदार म्हणाला, "कापूस भरा." भरला.

आणि आम्हांला उस्ताद भेटले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. आम्ही त्यांना कधी नावाने हाकही मारली नाही. चाळिशीचे, उन्हाने रापलेले, भुवयांवर दंव. फेरनच्या आत पोटाशी कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेली निखाऱ्यांची मातीची शेगडी. पहिल्या दिवशी त्यांनी घसरायला मुळीच शिकवले नाही, पडायला शिकवले. पुढे पडायचे नाही, मागेही नाही, कुशीवर. पडल्यावर दोन्ही फळ्या उताराला आडव्या करायच्या, म्हणजे त्या पाय ओढून नेत नाहीत, आणि मग डोंगराच्या अंगाने उठायचे. सबंध सकाळ आम्ही पडलो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी आडव्या पावलांनी चढण. तिसऱ्या दिवशी नांगर: फळ्यांची पुढची टोके जवळ, मागची दूर, टाचा बाहेर रेटलेल्या. जितके रेटाल तितका वेग कमी. मग उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. ऐकायला हे अगदी सोपे. पण घाबरलेल्या माणसाचे शरीर डोंगराकडे, म्हणजे मागे, कलते, आणि मागे कलला की फळ्या त्याला न विचारता सुटतात. उस्ताद ओरडत, "नीचे देखो साहब, नीचे! पहाड़ को पीठ दो!" जिकडे पडायची भीती तिकडेच तोंड करायचे, हे आमच्या मध्यमवर्गी स्वभावाला फारच अवघड गेले. सौ. मात्र चौथ्या दिवशीच त्या लहान उतारावरून सरळ खाली आल्या, आणि खाली येऊन चक्क रडल्या. का, ते त्यांना सांगता आले नाही. घरी मुलाबाळांत, सणावारांत वेगाने जाण्याची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

धाकट्या बंधूंनी आठव्या दिवशी घोटा मुरगळून घेतला आणि उरलेला मुक्काम बुखारीशेजारी पत्ते लावीत काढला. (बुखारी म्हणजे पत्र्याची लाकूडशेगडी, खोलीचे खरे दैवत तेच.) महाराणीचे शिवमंदिर त्यांनी खिडकीतून पाहिले. 'आप की कसम' या १९७४ च्या चित्रपटातले शिवशंकराचे गाणे येथेच चित्रित झालेले. म्हणून वऱ्हाडेच्या वऱ्हाडे त्याच्या पायऱ्यांवर फोटो काढीत. जून २०२४ मध्ये ते मंदिर आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्याची बातमी वाचली, तेव्हा बंधूंचा मुंबईहून फोन आला. बराच वेळ ते दुसरेच काही बोलत राहिले.

स्लेजविषयी एक शब्द लिहितो. लाकडी गाडीवर पर्यटकाने बसावे आणि दोन माणसांनी त्याला ओढावे, हा तेथला रिवाज. आम्हांला ते बसवेना. उस्तादांनी आमचा संकोच ओळखून एकदा समजावले: तुम्ही बसला नाहीत तर त्यांच्या घरी आज चूल कशी पेटेल? तेव्हा बसलो. संकोच गेला नाही, बसलो एवढेच.

जाताना आम्ही मुरैन्याची गजक नेली होती, तीळ आणि गूळ कुटून केलेली. पहिल्या दिवशी उस्तादांना एक वडी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मागितली. पुढे रोज दुपारी त्यांचा खारट गुलाबी नून चाय आणि आमची गजक, असा फराळ उताराच्या कडेला होई. खारट चहा आम्हांला पहिल्या घोटाला सोसला नाही, आठव्याला आवडू लागला.

दुसऱ्यांदा गेलो १९८९ च्या फेब्रुवारीत. मधल्या सहा वर्षांत घरात दोन लग्ने, एक बारसे आणि मातोश्रींचे जाणे झाले. या वेळी आम्ही दोघेच. उस्तादांनी आम्हांला लांबूनच ओळखले आणि आधी पिशवीकडे पाहिले. गजक होती. त्या खेपेस आम्ही खिलनमर्गच्या अंगाला थोडे वर चढून उतरलो. तेथे उभे राहिले असता जो आनंद होतो त्याला भीतीची किनार असायलाच हवी. याच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी हिमकडा कोसळून सैन्याच्या विद्यालयातले १७ जवान मृत्यू पावले.

मग तीन दिवस हिमवर्षाव. काश्मिरी लोक थंडीचे हिशेब पक्के ठेवतात: २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, त्यापुढे २० दिवस चिल्लई खुर्द, शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा. आम्ही धाकट्या चिल्लईत सापडलो होतो. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा. ते पीर पंजालला अडतात आणि रिकामे होतात. (अलीकडे ते चुकारपणा करतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचा उतार तपकिरी राहिला होता, आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाचे तेथले हिवाळी सामने मार्चपर्यंत पुढे ढकलावे लागले.) रस्ता बंद, वीज बंद, सौ.ना ताप. तिसऱ्या रात्री उस्ताद कमरभर बर्फातून आमच्या दाराशी आले, हातात कांगडी. आणि अंगातला जाड लोकरीचा फेरन काढून त्यांनी सौ.च्या अंगावर घातला. स्वतः स्वेटरवर परतले. पहाटे खाली जाणारी एक गाडी मिळाली. ती थांबणार नव्हती. आम्ही धावतच बसलो. फेरन सौ.च्या अंगातच राहिला.

ग्वाल्हेरला पोचताच पत्र टाकले. पार्सलने पाठवू का, असे विचारले. महिन्याने त्यांच्या मुलाच्या हातचे हिंदी उत्तर आले: "अब्बा कहते हैं, डाक से मत भेजिए। अगले जाड़े में पहनकर आइए।"

पुढच्या हिवाळ्यात, १९९० च्या आरंभी, काश्मीर खोरे पेटले. त्यानंतर आमच्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. तिसरे आम्ही लिहिले नाही. आपल्या पत्राने तिकडे कोणाला त्रास तर होणार नाही ना, अशीही शंका येई. दर दिवाळीला सौ. ट्रंक उघडून फेरन उन्हात घालीत, कडुलिंबाचा पाला बदलीत आणि पुन्हा घडी घालून ठेवीत. पाहुणे विचारीत, हे काय? "उसना आहे," एवढेच त्या सांगत. वर्तमानपत्रात रोज आकडे येत. आम्ही त्यांत एक नाव शोधीत असू. छापलेल्या बातमीत बहुधा नावे नसतातच. बाहीला कसर लागली तेव्हा सौ.ना आठवडाभर चैन पडले नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत गेलो. आता पठारावरून आकाशपाळणा सुरू झाला होता; काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निघाले, अशांततेत थांबले, कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा २००५ मध्ये खुला झाला. परदेशी तरुण पाठीवर फळ्या टाकून वर जात होते. आम्ही कशाकडेच नीट पाहिले नाही. बूट भाड्याने देणाऱ्या एका पोराला विचारले, तो म्हणाला, "वो? वो तो वहाँ बैठे हैं।"

शिकाऊ उताराच्या कडेला लाकडाच्या ओंडक्यावर ते बसले होते. दाढी पूर्ण पांढरी, फेरनच्या आत तीच कांगडी. समोर त्यांचा मुलगा दिल्लीच्या एका कुटुंबाला कुशीवर पडायला शिकवीत होता. सौ.नी पिशवीतून घडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलगडली, बाहीचे रफू बोटाने चाचपले, बराच वेळ. मग वर पाहून म्हणाले, "ये तो ले आए। गजक कहाँ है?"

गजक आम्ही विसरलो होतो. सतरा वर्षे फेरन सांभाळला, आणि निघण्याच्या घाईत गजक घरातच राहिली! सौ. इतक्या ओशाळल्या की त्यांना हसावे की रडावे कळेना. उस्ताद मात्र मोठ्याने हसले. मधल्या वर्षांविषयी त्यांनी आपण होऊन काही सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. त्या दुपारी आमच्याकडून त्यांनी पुन्हा नांगर घालून घेतला. आम्ही मागे कललो तेव्हा ओंडक्यावरूनच ओरडले, "नीचे देखो साहब!"

परत येताच दोन किलो गजक पार्सलने पाठवली. सव्वा महिन्याने नातवाच्या हातचे पत्र आले. पार्सल पोचले, वाटेत सगळ्या वड्यांचा चुरा झाला आहे, आजोबा तो चमच्याने नून चायमध्ये घालून घेतात आणि दुसऱ्या कोणाला देत नाहीत.