घरचें माप आणि बाहेरचें माप

मनुष्याचें मोठेपण घरीं मोजावें कीं बाहेर, हा वाद जुना आहे. स्वतःच्या गांवांत ज्याचा दरारा असतो त्याच्याविषयीं परगांवचे लोक ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ असें म्हणून मोकळे होतात. आणि ज्याची कीर्ति परदेशांतून येते त्याच्याविषयीं गांवकरी ‘दुरून डोंगर साजरे’ असें म्हणून मान हलवितात. दोन्ही म्हणींत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांपैकीं एकीच्याच आधारानें निकाल देणारा बहुधा फसतो. हा प्रश्न आज आम्ही एका खेळाडूच्या चरित्रावर घासून पाहणार आहों. तो खेळाडू म्हणजे सोव्हिएट रशियाचा व्हालेरी खार्लामोव्ह (१९४८–१९८१), आणि त्याचा खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी.

हॉकी म्हटलें कीं आपल्याकडे ध्यानचंदांचें नांव आणि हिरवें मैदान डोळ्यांपुढें येतें. ही हॉकी निराळी. बर्फाच्या पटांगणावर, पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून, दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी रबराच्या एका चपट्या चकतीसाठीं झुंजतात. सहांपैकीं एक गोलरक्षक, दोन बचावाचे आणि तीन आघाडीचे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, आणि श्रम इतके पडतात कीं आघाडीची एक त्रयी मिनिटभर खेळून बाहेर बसते व दुसरी आंत उतरते. त्यामुळें या खेळांत एकटा मनुष्य क्वचितच दिसतो. त्याची त्रयी आणि त्याचा संघ हीं त्याच्या प्रत्येक गोलांत वांटेकरी असतात. मोजमापाची खरी अडचण येथेंच सुरू होते.

प्रथम घरचें माप घेऊं. सोव्हिएट राष्ट्रीय साखळी सामन्यांत मॉस्कोच्या मध्यवर्ती लष्करी संघाकडून खार्लामोव्हनें ४३८ सामन्यांत २९३ गोल केले. १९७१ च्या हंगामांत ४० गोल करून तो साऱ्या देशांत पहिला आला. परंतु त्याच्याच त्रयींतील बोरिस मिखाइलोव्ह याचे साखळींतील गोल ५७२ सामन्यांत ४२८ आहेत, आणि सामन्यागणिक हिशेब केला तरीहि मिखाइलोव्हच पुढें राहतो. म्हणजे केवळ घरच्या तराजूनें तोलावयाचें तर पहिला मान सोबत्याचा ठरतो.

शिवाय या तराजूंत एक खोट आहे. १९६८ पासून १९८१ पर्यंतच्या चौदा हंगामांत लष्करी संघानें अकरा वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. स्पार्टाकनें दोनदां आणि क्रिल्या सोव्हेतोव्हनें एकदां, एवढाच काय तो खंड पडला. याचें एक मोठें कारण खेळाबाहेरचें होतें. त्या देशांत तरुणांस लष्करी सेवा सक्तीची असे, आणि त्या सेवेच्या मार्गानें कोणत्याहि गांवचा होतकरू खेळाडू या संघाकडे ओढून आणतां येई. उलट डायनामो मॉस्कोचा अलेक्झांडर माल्त्सेव्ह पहा. त्यानें साखळींत ३२९ गोल केले, पण राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या वांट्यास एकदांहि आलें नाहीं. यावरून माल्त्सेव्ह लहान ठरत नाहीं. विजेतेपदें मोजतांना आपण बऱ्याच अंशीं संघाची श्रीमंती मोजीत असतों, एवढेंच ठरतें.

आतां बाहेरचें माप. खार्लामोव्ह आठ वेळां जगज्जेत्या संघांत होता. १९७२ व १९७६ च्या ऑलिंपिक सामन्यांत त्याला सुवर्णपदकें मिळालीं, आणि १९८० मध्यें रौप्यपदक. पण हें मापहि डोळे झांकून घेण्याजोगें नाहीं. या खेळाची जन्मभूमि जो कॅनडा, त्याचे उत्तम खेळाडू धंदेवाईक असल्यामुळें हौशी लोकांच्या या सामन्यांत त्यांना जागा नव्हती. त्या वादावरून कॅनडानें १९७० ते १९७६ पर्यंत जगज्जेतेपदाच्या सामन्यांत भागच घेतला नाहीं. झेकोस्लोव्हाकियाचा संघ तुल्यबळ होता हें खरें, तरी सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी घरीं बसला असतांना मिळालेल्या पदकाचें वजन थोडें कमीच धरावें लागतें. आणि देशासाठीं केलेल्या गोलांची नुसती बेरीज पाहिली, तर माल्त्सेव्हच्या ३२१ सामन्यांतील २१३ गोलांपुढें खार्लामोव्ह पुन्हां मागें पडतो.

म्हणजे एक तराजू मिखाइलोव्हकडे झुकतो आणि दुसरा माल्त्सेव्हकडे. असें असूनहि २००८ सालीं आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शताब्दीनिमित्त सोळा देशांतील ५६ जाणकारांनीं शंभर वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हां त्या सहांत मिखाइलोव्ह नव्हता, माल्त्सेव्ह नव्हता, खार्लामोव्ह होता. हा अकालीं गेलेल्या तरुणाविषयींचा नुसता जिव्हाळा समजावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या मतें घर आणि बाहेर यांची बेरीज करीत बसण्याऐवजीं निराळाच प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्या-त्याच्या सवयीचे आधार काढून घेतले असतां त्याच्यापाशीं काय उरतें?

खार्लामोव्हच्या बाबतींत हा प्रयोग तीन वेळां झाला. पहिला घरींच. १९६७-६८ च्या हंगामांत, लहान चणीचा म्हणून ज्याच्याविषयीं शंका होती अशा या पोराला उरल पर्वताकडील चेबार्कुल नांवाच्या लहानशा गांवच्या लष्करी संघांत दुय्यम श्रेणीच्या सामन्यांसाठीं धाडण्यांत आलें. तेथें ना मिखाइलोव्ह, ना राजधानीचें प्रेक्षागृह. तेथें त्यानें ४० सामन्यांत ३४ गोल केले आणि मॉस्कोचें दार पुन्हां उघडून घेतलें.

दुसरा प्रयोग १९७२ च्या फेब्रुवारींत जपानांतील सप्पोरो येथें झाला. नेहमींच्या त्रयींतून काढून त्याला फिर्सोव्ह आणि विकुलोव्ह यांच्या जोडीस दिलें होतें. त्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें पांच सामन्यांत ९ गोल स्वतः केले, ७ गोलांस साह्य केलें, आणि सर्व देशांच्या खेळाडूंत तो पहिला आला.

तिसरा प्रयोग सर्वांत कठीण. २ सप्टेंबर १९७२ रोजीं माँट्रिअल येथें सोव्हिएट संघ प्रथमच कॅनडाच्या निवडक धंदेवाईक खेळाडूंसमोर उतरला. युरोपांतील पटांगण सुमारें ३० मीटर रुंद असतें, तेथील सुमारें २६. म्हणजे चुकवून निसटावयास जागा कमी आणि धडका जास्त. पहिल्या सात मिनिटांच्या आंतच कॅनडाचे दोन गोल झाले. सोव्हिएट संघानें बरोबरी साधली, आणि दुसऱ्या भागांत खार्लामोव्हनें लागोपाठ दोन गोल केले. सामना ७–३ असा जिंकला गेला. ते दोन्ही गोल माल्त्सेव्हनें दिलेल्या चकतीवर झाले, म्हणजे साखळी सामन्यांत ज्याच्याशीं वर्षानुवर्षें झुंजावयाचें त्या डायनामोच्या गड्याशीं त्याचें असें जुळलें होतें. ज्याचें कौशल्य संघाच्या पुण्याईवर उभें असतें त्याला असें चटकन् परक्याशीं जमत नाहीं.

त्याची योग्यता प्रतिपक्षानें निराळ्या रीतीनेंहि मान्य केली. मॉस्कोंतील सहाव्या सामन्यांत बॉबी क्लार्क यानें काठीचा तडाखा त्याच्या घोट्यावर हाणला. सातव्या सामन्यांत तो उतरूं शकला नाहीं. आठव्यांत दुखऱ्या पायानें उतरला. हे शेवटचे तिन्ही सामने कॅनडानें एकेका गोलानें जिंकले आणि आठ सामन्यांची ती मालिका ४–३ अशी आपल्याकडे घेतली. एक सामना बरोबरींत सुटला होता.

तर मग घरचें माप फेंकून द्यावें काय? मुळींच नाहीं. १९७५-७६ च्या हिंवाळ्यांत लष्करी संघ, माल्त्सेव्हसारख्या एक-दोन गड्यांची भर घेऊन, उत्तर अमेरिकेंत चार धंदेवाईक संघांशीं खेळला. दोन सामने जिंकले, एक बरोबरींत सुटला, एक गमावला. माँट्रिअल येथील ३–३ च्या बरोबरींत एक गोल खार्लामोव्हचा होता. ज्या संघाच्या रोजच्या सरावांत तो घडला तो संघ वासरांचा कळप नव्हता, हें यावरून स्पष्ट होतें. आणि आणखी एक गोष्ट घरच्या मापावांचून कळतच नाहीं. परदेशांतील सामना एका संध्याकाळचा असतो. साखळी सामने वर्षानुवर्षें चालतात. तेरा वर्षांचा असतांना घशाच्या आजारानंतर या मुलाच्या हृदयांत दोष निघाला आणि वैद्यांनीं खेळ वर्ज्य केला. पुढें बापानें त्याला आईस न कळवितां बर्फाच्या मैदानावर नेलें. १९७६ च्या मे महिन्यांत मोटारीच्या अपघातांत त्याच्या पायाचीं हाडें मोडलीं. त्याच वर्षीच्या हिंवाळ्यांत तो पुन्हां साखळी सामन्यांत उतरला. पूर्वीची चपळाई पुरती परत आली नाहीं, तरी १९७८ व १९७९ च्या जगज्जेत्या संघांत त्याची जागा होतीच. तेज बाहेर दिसलें, पण तें टिकविण्याचा निर्धार घरींच दिसला.

१९८१ सालीं कॅनडांतील सामन्यांसाठीं संघ निवडला गेला तेव्हां त्याला वगळण्यांत आलें. संघ तिकडे गेला असतांना, २७ ऑगस्ट रोजीं, मॉस्कोजवळ मोटारीच्या अपघातांत तो आणि त्याची पत्नी मरण पावलीं. दोन लहान मुलें मागें राहिलीं. वय अवघें तेहतीस. उत्तर अमेरिकेंतील धंदेवाईक संघाकडून तो एकदांहि खेळला नाहीं, तरी २००५ मध्यें टोरोंटो येथील हॉकीच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव घेतलें गेलें.

आमचा निकाल असा. गोलांच्या राशींत मिखाइलोव्ह मोठा, देशासाठीं केलेल्या गोलांत माल्त्सेव्ह मोठा. परंतु जागा बदलली, सोबती बदलले, पटांगणाची रुंदी बदलली, तरी ज्याचा खेळ तोच राहिला असा खार्लामोव्ह. आपल्या घरांतूनहि मुलांचे गुण कधीं शाळेच्या निकालावरून, तर कधीं चार परक्यांच्या शाबासकीवरून ठरविले जातात. दोन्हीकडे जें सारखें उमटतें तेंच त्यांचें स्वतःचें, आणि मापावयाचें असेल तर तेवढेंच मापावें.